केनवडच्या जावयाची परीक्षा

देवानं चंपतच्या हातात कापड घातलं, नाहीतर तो जन्मला होता भाजीच्या वाफ्यात. रिसोडला लागूनच त्याच्या बापाचा दीड एकराचा मळा. मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाप रोज सकाळी जुड्या घेऊन पन्नालाल शेठजींच्या दारात उभा राही. जैनांचं घर. कांदा, लसूण, बटाटा त्या उंबऱ्याच्या आत कधी गेला नाही, आणि चातुर्मास लागला की पालेभाजीसुद्धा बंद. अशाच एका चातुर्मासात बापाला ताप होता म्हणून चंपत जुड्या घेऊन गेला. शेठजींच्या पत्नी सूरजबाई दारात आल्या. त्यांनी परत न्यायच्या जुड्यांकडे पाहिलं, त्या धरणाऱ्या बावीस वर्षांच्या चंपतकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, "भाजी चार महिने नको. पण हा मुलगा दुकानात ठेवून घ्या. हात स्वच्छ आहेत याचे."

त्याला आता एकतीस वर्षं झाली. सूरजबाई गेल्या, शेठजी ऐंशीच्या घरात आले, आणि चंपत अजून रोज सकाळी मळ्यातली चार फुलं घेऊन दुकानात येतो, महावीरांच्या तसबिरीपाशी ठेवतो, मनातल्या मनात आपल्या मारोतीलाही हात जोडतो आणि गादीवर बसतो.

गादी म्हणजे दुकानाच्या मध्यावर अंथरलेली पांढरीशुभ्र बैठक. तिथं बस्ता होतो. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला येतात. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे, मानापानाची लुगडी, टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत. दहा-बारा माणसं, त्यात दोन विहिणी समोरासमोर. एकीला वाटतं कमी पडू नये, दुसरीला वाटतं जास्त होऊ नये, आणि दोघींनाही तोंडानं काही बोलायचं नसतं. इथं चंपतचं कसब. त्यानं आजवर कुणाला "किती पैशात बसवायचं" असं विचारलं नाही. तो तीन साड्या उलगडायचा. एक हलकी, एक मधली, एक भारी. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा हात कोणत्या पोतावर थांबतो ते पाहायचा. हात थांबला, की उरलेला सगळा बस्ता त्या हाताच्या मापानं. कुणाचं तोंड पडत नसे, कुणाचं मन मोडत नसे.

दिवस मावळायच्या आत शेठजी जेवायला घरी जात. तो तासभर गादी चंपतच्या हवाली. त्या वेळेला तो तक्क्याला न टेकता थोडा ताठ बसायचा, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चंपतची बायको सीताबाई केनवडची. आमच्याकडे गावातली एक लेक दिली की जावई सगळ्या गावाचा होतो. त्यामुळे केनवडची कोणतीही बाई दुकानाची पायरी चढली की म्हणणार, "काय जवाईबापू, बरे हाये ना?" आणि केनवडचा बस्ता दुसऱ्या दुकानात जात नसे.

तर दिवाळी झाली आणि समोरच्या रांगेत एक मोठं काचेच्या दाराचं दुकान उघडलं. आत थंड हवा, कपडे खुंट्यांना टांगलेले, गादी नाही, बसायला गोल स्टुलं. त्याच सुमारास शेठजींचा नातू नमन पुण्याहून शिकून परत आला. पोरगा गुणाचा, मोठ्यांना नमस्कार केल्याशिवाय दुकानात पाऊल न टाकणारा. पण समोरची काच त्याच्या डोळ्यांत सलत होती. त्यानं काय केलं, छोट्या दुकानांतल्या नोकरमाणसांसाठी मोबाइलवर शिकवणी असते, ती विकत घेतली. एका सकाळी त्यानं पाचही माणसांना गादीवर बसवलं.

"आठ धडे आहेत. रोज एक पाहायचा, आपापल्या मोबाइलवर. शेवटी परीक्षा. आणि एक प्रॅक्टिकल. खऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा व्हिडिओ काढून पाठवायचा, ते त्याला मार्क देतात."

मॅचिंग ब्लाउजच्या काउंटरवर बसणारी सुप्रिया, दोन लेकरांची आई, तोंडाची मोकळी. तिनं विचारलं, "आन नापास झालं तं?"

"नापास कुणी होत नाही ताई," नमन म्हणाला. "पण लग्नसराईत बस्त्याच्या गादीवर पास झालेलंच माणूस बसेल. बाकीच्यांनी वर माळ्यावर गठ्ठे सोडायचे आणि घड्या घालायच्या."

बोलला तो सगळ्यांना, पण पाहिलं सगळ्यांनी चंपतकडे. चंपत आठवी शिकलेला. मोबाइल त्याला फोन उचलायला आणि सकाळी अभंग लावायला एवढाच ठाऊक.

संध्याकाळी मळ्यात विहिरीच्या कठड्यापाशी, जिथं नेटवर्क धरतं, तिथं तो पहिला धडा लावून बसला. सीताबाई शेजारीच दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. पडद्यावर एक गोरीपान बाई आली. कोट घातलेली, केस मोकळे, मराठी एकदम पुस्तकातलं. तिच्यामागे चकचकीत दुकान.

"ग्राहक आत येताच स्मितहास्य करा," ती बाई म्हणाली. "हात जोडा. आपलं नाव सांगा. ग्राहकाचं शुभ नाव विचारा. आपलं नाव विचारलं गेलं, की प्रत्येकाला आपलेपणा वाटतो."

सीताबाईनं मान वाकडी करून पाहिलं. "एवढ्या मोठ्या दुकानात एकच गिऱ्हाईक? याच्यापरीस तं माह्या मेथीवर गर्दी रायते."

"शिकू दे वं."

"शिका ना. मी कायले अडवू."

धडा मध्येच थांबला आणि प्रश्न आला. चंपतनं बरोबर उत्तर दाबलं. पडद्यावर तारे उडाले आणि 'शाब्बास' असं आलं. एकतीस वर्षांत दुकानात कुणी त्याला शाब्बास म्हटलं नव्हतं. म्हणायची रीतच नव्हती. त्याला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या धड्यात बाईनं सांगितलं की ग्राहकाचं बजेट सुरुवातीलाच विचारून घ्यावं, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो. चंपत इथं थोडा घुटमळला. पण पुन्हा तारे उडाले. त्याला वाटलं, एवढी शिकलेली बाई सांगते, एवढे लोक शिकून गेले असतील, आपलंच काहीतरी जुनं झालं असेल.

मग तो सराव करायला लागला. सकाळी चुलीपुढं बसलेल्या सीताबाईला हात जोडून म्हणाला, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. माझं नाव चंपत. आपलं शुभ नाव काय?"

सीताबाईनं भाकर थापता थापता वर पाहिलं. "तीस वर्सं झाले लगनाले. आता इचारता?"

"सराव करून राह्यलो."

"करा. पन मले नका इचारू. मले हसू येते आन भाकर तुटते."

चंपतही हसला. त्या हसण्यात सगळं शहाणपण होतं, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. असं होतं माणसाचं. गादीवरून उठून माळ्यावर जायची भीती डोक्यात बसली, की समोर ठेवलेलं दिसत नाही.

पाच धडे झाले. सुप्रियानं तर आठही उरकून टाकले, तिचा व्हिडिओही गेला. उरला चंपत. बुधवारी दुपार कलल्यावर नमन म्हणाला, "काका, आता जे गिऱ्हाईक येईल त्याच्यावर तुमचं प्रॅक्टिकल. मी बाजूला उभा राहून काढतो. तुम्ही फक्त धड्यात सांगितलं तसं बोला. आपलं जुनं काही मध्ये आणू नका."

शेठजी जेवायला घरी गेले. चंपतनं टोपी सारखी केली, नमननं सगळ्यांच्या शर्टाला लावलेली नावाची पट्टी सरळ केली. आणि पायरी कोण चढलं? केनवडच्या रंगूबाई.

रंगूबाई म्हणजे सीताबाईच्या माहेरच्या गल्लीतली काकू. सत्तरी पार केलेली, नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, चाल अजून खणखणीत. तिच्या दोन्ही मुलांचे, तिन्ही लेकींचे बस्ते याच गादीवर झालेले. आज नातीचा बस्ता होता. मागे सून, नवरी नात, आणि मानोऱ्याकडची नवी विहीण, तिच्याबरोबर तिच्या दोन जावा. विहीण पहिल्यांदाच रिसोडला आली होती. रंगूबाई तिला वाटेत सांगत आली असणार, की चला, आपल्या घरच्यासारखं दुकान हाये, आमचे जवाईच बसतात तथी.

चंपतच्या तोंडावर आलं होतं, "या काकू, लय दिसानं." पण बाजूला नमनचा मोबाइल वर झाला. चंपतनं गिळलं. स्मितहास्य केलं. हात जोडले.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. माझं नाव चंपत. आपलं शुभ नाव काय?"

रंगूबाईनं मागे वळून पाहिलं. हा कुणाला विचारतो, तिला कळेना. मागे तिच्याच बरोबरच्या बायका, दुसरं कुणी नव्हतं.

"मले म्हनता?"

"हो. आपलं शुभ नाव?"

सून पदराआड हसली. विहिणीनं आपल्या जावेकडे पाहिलं. रंगूबाईचा चेहरा जिथल्या तिथं थांबला. चंपतला कळलं की हे वाकडं चाललंय, पण धडा अर्ध्यावर सोडून कसं चालेल? तो दुसऱ्या धड्यावर गेला.

"आणि आपलं बजेट साधारण किती आहे?"

विहिणीसमोर. नव्या सोयरिकीच्या, मानोऱ्याहून आलेल्या, अजून एक शब्दही न बोललेल्या विहिणीसमोर.

रंगूबाईनं आवाज चढवला नाही. पदर खांद्यावर नीट घेतला आणि बरोबरच्या बायकांकडे वळली. "चाला वं. आपन चुकून दुसऱ्याच दुकानात आलो."

सगळ्या उतरल्या. रस्ता ओलांडला. काचेचं दार उघडलं आणि मिटलं. जाता जाता नात मात्र एकदा मागे वळून वरच्या कप्प्याकडे पाहून गेली.

नमनचा मोबाइल अजून वरच होता. त्यानं तो खाली घेतला आणि व्हिडिओ तसाच पाठवून दिला. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. नमननं वाचलं आणि तसाच चंपतपुढं धरला. स्वागत, दहापैकी दहा. स्वतःची ओळख, दहापैकी दहा. बजेटची विचारणा, दहापैकी दहा. चंपतला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

"काका," नमन हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तर सगळं बरोबर केलं."

"हो ना," चंपत म्हणाला, "तरी गेल्या."

शेठजी परतले. सुप्रियानं त्यांना सांगितलं. शेठजींनी ऐकून घेतलं, तक्क्याला टेकले, जपमाळ काढली आणि एवढंच म्हणाले, "रंगूबाईंच्या स्वतःच्या लग्नातलं लुगडं माझ्या वडिलांच्या हातचं आहे." चंपतला शिवी दिली असती तर परवडलं असतं.

घरी आल्यावर त्यानं सीताबाईला सगळं सांगितलं. सीताबाईचा हात जुडीवरच थांबला. "रंगूकाकूले? नाव इचारलं? आन थेबी इहिनीसमोर पैसे?"

"त्या बाईनं सांगतलं होतं."

"त्या बाईले केनवड माईत हाये काय?"

चंपत विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. करायला काही नाही म्हणून त्यानं सहावा धडा लावला. धडा होता नाराज झालेल्या ग्राहकाचा. तीच बाई, तोच कोट. पण या वेळी ती म्हणाली, "त्याचं बोलणं मध्ये तोडू नका. खुलासा देऊ नका. तो थांबेपर्यंत ऐका. मग त्यानं सांगितलेलं त्यालाच परत सांगा, म्हणजे त्याला कळेल की तुम्ही खरंच ऐकलं."

चंपतनं हा धडा दोनदा पाहिला. मागून सीताबाई म्हणाली, "हे मातर तुमाले जमाचं नाई. तुमी कोनाले तोंड उघडू देता काय?" आणि ते खरं होतं. चंपत गोड बोलायचा, पण समोरच्याचं अर्धं वाक्य आपणच पुरं करायचा. कापड विटलं म्हणून कुणी आलं, तर ते बोलायच्या आत याचे तीन खुलासे तयार.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चंपतनं शेठजींकडून अर्धा दिवस मागितला. सीताबाईनं पिशवीत मेथीच्या जुड्या आणि काटेरी वांगी भरून दिली. सकाळी मारोतीच्या देवळावरून जाताना त्यानं हात जोडले, "देवा, मले आज मुकं ठेव," एवढंच मागितलं, आणि केनवडच्या एसटीत बसला.

रंगूबाई ओट्यावर सुपात उडीद पाखडत बसली होती. चंपत पायरीशी उभा राहिला. तिनं वर पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं आणि आत सुनेला आवाज दिला, "पानी आन वं. जवाई आले. त्याइले आपलं नाव माईत नाई, पन आपल्याले त्याइचं माईत हाये."

आता रागाची एक गोष्ट आणि जावयाची एक गोष्ट. रागावलेलं माणूस दुकानदाराला दारातून परत लावू शकतं, पण गावाचा जावई पायरीशी आला की त्याला पाणी द्यावं लागतं, बसायला चटई टाकावी लागते, आणि जेवायच्या वेळेला आला तर जेवू घालावं लागतं. रंगूबाईनं यातलं काहीही चुकवलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि बोलणंही दिलं. एका हातानं वाढत होती, एका तोंडानं झोडत होती.

"पन्नास वर्सं त्या गादीवर बसली मी. शेठजीचे वडील होते तईपासून. कोनी माह्यं नाव नाई इचारलं. इचाराचं काय काम? आन तुमी इचारता. आमच्या गल्लीतली पोरगी नेली तुमी, जवाईबापू. तवा मीच तिच्या डोईवर तांदूळ टाकले."

चंपतच्या जिभेवर नमन आला, मोबाइल आला, परीक्षा आली. त्यानं सगळं गिळलं आणि मान डोलावली.

सुनेनं पानात भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली. तुपाची वाटी आणली तशी रंगूबाई म्हणाली, "थांब. तूप वाढाच्या आंधी त्याइले बजेट इचार."

सून तोंड फिरवून हसली. चंपतनं मान खाली घालून भाकरीचा घास घेतला. त्यालाही हसू आलं होतं, पण धड्यात हसू नका म्हटलं होतं की नाही, ते आठवेना.

"इहीन बाजूले बसून. नवी सोयरीक. मी तिले म्हटलं होतं, आमच्या दुकानात तोंड उघडा लागत नाई. आन तुमी सगळ्याइच्या देखत." रंगूबाईनं सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि मागचं काढलं. "आन थे हिरवं लुगडं. धाकल्याच्या लगनातलं. पयल्याच धुन्यात रंग गेला. गोधडी हिरवी झाली माह्यी. मी सांगाले आली, तं तुमी म्हने, गरम पानी टाकलं असन, सोडा टाकला असन. माह्यं आयकलं काय तुमी? सोळा वर्सं झाले त्याले."

सोळा वर्षं. चंपतला ते लुगडं लख्ख आठवलं. सोडाच टाकला होता, हे त्याला आजही ठाऊक होतं. त्यानं भाकरीचा एवढा मोठा तुकडा तोंडात घातला की बोलताच येऊ नये.

रंगूबाई बोलत राहिली. मध्ये थांबून बघायची, हा काही बोलतो का. हा बोलेना. सवयीप्रमाणे तिनं दोन ठिकाणी त्याच्या खुलाशासाठी जागा सोडली, ती जागा रिकामीच राहिली. शेवटी बोलायचं संपलं.

मग चंपतनं हात धुतले आणि म्हणाला, "काकू, मी तुमाले नाव इचारलं, एक झालं. इहीनबाईसमोर पैशाचं काहाडलं, दोन झालं. हिरव्या लुगड्याचा रंग गेला, आन मी तुमचं न आयकता तुमालेच शिकवलं, तीन झालं."

"आनखी?"

"आनखी, मी आजपावतो तुमचं कधी पुरं आयकूनच घेतलं नोयतं."

हे शेवटचं धड्यात नव्हतं. रंगूबाई आत पाहून म्हणाली, "तूप वाढ वं त्याइले. भात राह्यला अजून."

भात खाताना चंपतनं भीत भीत विचारलं, "तथी, समोर, बस्ता झाला काय मंग?"

"कायचा होते. गोल पाटावर बसवलं, पाय लोंबते. पोराइनं कपडे दाखवले, खुट्याले टांगल्याले. हात लावाले गेली तं म्हने, हात नका लावू, घडी मोडते. हात न लावता लुगडं कसं घ्याव? इहीन म्हने, पुन्यांदा येऊ. रिकामं कसं उतराव, म्हून मी एक टॉवेल-टोपी घेतली आन उतरलो."

चंपतनं पानातून हात काढला. "काकू, तुमी उतरून राह्यल्या तवा नात वरच्या कप्प्याकडं पाहून राह्यली होती. मोरपंखी शालू. मी थो काहाडून बाजूले ठेवला. दोन लोकं मागून गेले, म्हटलं दिल्ला."

दाराआड बांगड्या वाजल्या. नात तिथंच उभी होती म्हणायची.

रंगूबाई पहिल्यांदा हसली. "नाव इसरले, पन नजर जाग्यावर हाये म्हना."

निघायची वेळ झाली. जावयाला रिकाम्या खांद्यानं धाडत नाहीत. रंगूबाई आत गेली, कुंकू घेऊन आली, आणि बरोबर टॉवेल-टोपी. चंपतच्या खांद्यावर टाकली. चंपतचा हात आपसूक कापडावर फिरला आणि त्याला कळलं. समोरच्या दुकानातली. नवी, कडक, तिथलंच लेबल लागलेली.

"काहून?" रंगूबाई डोळे बारीक करून म्हणाली. "नाई आवडली? बजेट तेवढंच होतं."

चंपतनं टॉवेल कपाळाला लावला आणि वाकून पाया पडला.

दुकानात शिरला तेव्हा टॉवेल खांद्यावरच होता. शेठजींनी जवळ बोलावलं, दोन बोटांत काठ धरला, डोळे मिटले. "हा आपल्याकडचा नाही."

"नाई शेठजी. पन मान आपला हाये. परवा येतात त्या."

शेठजींनी पुन्हा माळ हातात घेतली. गालावरच्या सुरकुत्या मात्र वर सरकल्या होत्या.

गुरुवारी रात्री चंपतनं उरलेले दोन धडे उरकले. शुक्रवारी परीक्षा. तीस प्रश्न. चंपत गादीच्या कोपऱ्यात बसला, सुप्रिया डावीकडे, नमन उजवीकडे. पहिलाच प्रश्न आला, ग्राहक आत येताच काय कराल? चंपतनं न अडखळता दाबलं, 'स्वतःचं नाव सांगून त्याचं नाव विचारीन.'

नमन चमकला. "काका, एवढं होऊनसुद्धा?"

"ही त्या बाईची परीक्षा हाये बापू. तिच्या दुकानात ती म्हनन तसं. आन ती खोटी नाई. तिच्याकडं रोज अनोळखीच येतात."

पुढं बजेटचा प्रश्न आला. बरोबर उत्तर चंपतला पाठ होतं. बोट त्याच्यावर गेलं, थांबलं, परत आलं. तेवढ्या ठिकाणी त्याचा हात झाला नाही. त्यानं प्रश्न तसाच सोडला आणि पुढं गेला.

तीसपैकी सव्वीस. पास. प्रमाणपत्र मोबाइलवर आलं, त्यावर चंपतचं नाव वळणदार अक्षरात. सुप्रियानं आपला निकाल काढून दाखवला, अठ्ठावीस. "काका, गादीवर मी बसू का मंग?" ती म्हणाली.

"बस ना. मी तं म्हन्तो, बायकाइच्या बस्त्याले बाईमानूस बसलंच पाह्यजे," चंपत म्हणाला, आणि नमननं ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून गादीवर दोघं बसायला लागली.

त्याच दुपारी एक बाई पायरीशी घोटाळत होती. आत यावं की नाही, असं. तांड्यावरची असावी, हातभर बांगड्या, एकटीच. पूर्वी अशी बाई आली तर चंपत केनवडच्या लोकांशी बोलण्यात गर्क असायचा आणि ती उभी राहून निघून जायची. किती गेल्या असतील, देव जाणे. आज तो उठला, पायरीपर्यंत गेला. "या माय. मी चंपत. तुमचं नाव काय?"

"हिरीबाई," ती म्हणाली, आणि पायरी चढली. तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून चंपतला कोटवाल्या बाईचा पहिल्यांदा मनापासून आदर वाटला. जरा वेळानं नमननं भिंतीवर एक कागद चिकटवला: नव्या माणसाला नाव विचारा, जुन्या माणसाला पाणी द्या. खाली सुप्रियानं पेननं लिहिलं: पैशाचं कोणालाच विचारू नका.

शनिवारी सगळी मंडळी आली. गादीवर ताजी चादर, पाण्याचे तांबे भरलेले, मोरपंखी शालू तक्क्यामागे कागदात गुंडाळून ठेवलेला. शेठजी त्या दिवशी जेवायला उशीर होऊ नये म्हणून आधीच घरी जाऊन आले होते. नमन मोबाइल खिशात घालून दाराशी उभा. चंपत खांद्यावर तोच टॉवेल टाकून पुढं झाला, आणि त्याच्या तोंडून "या काकू" निघणार, तेवढ्यात रंगूबाई पायरीवरच थांबली. मागे विहीण, जावा, सून, नात, सगळ्या थांबल्या. रंगूबाईनं पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी शुद्ध भाषेत म्हणाली:

"नमस्कार. माझं नाव रंगूबाई. आपलं शुभ नाव काय?"

मानोऱ्याची विहीण आधी हसली. मग सुप्रिया, मग तक्क्याला टेकलेले शेठजीसुद्धा.

चंपतनं हात जोडले. "केनवडचा जवाई," तो म्हणाला.

"मंग बरोबर दुकानात आलो," म्हणत रंगूबाई आत शिरली, गादीवर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली, आणि विहिणीला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. चंपतनं तीन साड्या उलगडल्या. एक हलकी, एक मधली, एक भारी. आणि काही न बोलता रंगूबाईच्या हाताकडे पाहत बसला.